रिपोर्ट बिघडलाय, पण आजाराचं नाव कळत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. २०१८ च्या भातलावणीत माझी बोटं पहिल्यांदा सुजली. त्यानंतर साडेचार वर्षं चिपळूण, रत्नागिरी, मुंबई अशा फेऱ्या झाल्या. रिपोर्टांची फाईल फुगत गेली, आजाराचं नाव मात्र कुणी सांगेना. आता आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाड्यांवरून बायका, कधी कधी पुरुषही, आपापली फाईल घेऊन माझ्या पडवीत येऊन बसतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. मला डॉक्टरांनी समजावलेलं आणि मी पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलेलं तेवढंच इथे लिहिलंय. औषध सुरू करायचं की थांबवायचं हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

बाई, माझी एएनए पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला ल्युपस झाला का?

एवढ्यावरून नाही. ल्युपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते तो आजार. असं उलटणाऱ्या सगळ्या आजारांना ऑटोइम्युन म्हणतात. हा प्रश्न सगळ्यात जास्त रडत विचारला जातो, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

बाहेरच्या जंतूंशी लढायला आपलं शरीर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. त्यातली काही चुकून आपल्याच पेशींच्या केंद्रकावर चालून जातात. अशी प्रतिपिंडं रक्तात आहेत का, हे एएनए तपासणीत पाहतात. रिपोर्टवर १:८०, १:१६०, १:३२० असे आकडे असतात, त्यांचा अर्थ आगळावरून समजतो. वाटीत कोकमाचं आगळ घ्या आणि पाणी घालत जा. आगळ दाट असेल तर कितीही पाणी घातलं तरी रंग दिसत राहतो, पातळ असेल तर लगेच उडतो. १:८० म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही खूण दिसली. मागचा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडं जास्त.

आता हे पाहा. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचं रक्त तपासलं. १:४० ला जवळपास ३२ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के. म्हणजे गुहागरहून चिपळूणला निघालेल्या एसटीत ५० माणसं असली, तर १:८० ला त्यातली सहा-सात पॉझिटिव्ह येतील आणि त्यांना काहीही झालेलं नसेल. थायरॉइडचा त्रास असलेल्यांची, क्षयरोग किंवा कुष्ठरोग झालेल्यांची, टीबीची आयसोनियाझिड गोळी घेणाऱ्यांचीही ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

उलट बाजूने मात्र ती फार उपयोगी आहे. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांची एएनए पॉझिटिव्ह असते, म्हणून नीट केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर ल्युपसची शंका बरीच मावळते. ल्युपसचे २०१९ चे जागतिक निकष आहेत, त्यांत १:८० एएनए हा नुसता उंबरठा आहे. आत गेल्यावर ताप, पुरळ, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंड यांचे गुण मोजतात. उंबरठ्यावर पाय ठेवला म्हणजे घरात शिरलो असं होत नाही.

रिपोर्टवर ‘आयएफए’ किंवा ‘आयआयएफ’ लिहिलंय का तेवढं बघा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करायची ती पद्धत आहे आणि डॉक्टर तीच मागतात. एकदा पॉझिटिव्ह आली की दर तीन महिन्यांनी पुन्हा करून काही हाती लागत नाही. आजार वाढला की कमी झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते पैसे लघवीच्या तपासणीसाठी ठेवा, का ते पुढे सांगते.

शिबिरात पूर्ण शरीर तपासणी केली. चार ठिकाणी आकड्यापुढे चांदणी आहे. घाबरू का?

नको. नॉर्मल रेंज ठरवताना निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के धरतात. म्हणजे प्रत्येक तपासणीत विसातला एक निरोगी माणूस रेंजबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एकीपुढे तरी चांदणी लागण्याची शक्यता ६४ टक्के होते. सहाच्या जागी साडेसहा आलं की नाही, यापेक्षा तीच गोष्ट दोन-तीनदा बिघडलेली दिसते का आणि तुम्हाला होणाऱ्या त्रासाशी तिचा मेळ बसतो का, हे बघायचं असतं.

ईएसआर ५८ आहे. अंगात काहीतरी मोठं आहे ना?

माझाही ५८ होता. तो आकडा मी रात्री उशाशी घेऊन झोपायचे. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात त्याचं माप. शरीरात कुठेही दाह असेल तर तो वाढतो. पण तो पंडुरोगाने, म्हणजे अंगात रक्त कमी असल्यानेही वाढतो, गरोदरपणातही वाढतो आणि वयाबरोबर वाढतोच. ढोबळ हिशेब असा, की बाईच्या वयात दहा मिळवून निम्मं करा, पुरुषाच्या वयाचं नुसतं निम्मं करा. पन्नाशीच्या बाईला ३० पर्यंत चालतं. माझं हिमोग्लोबिन तेव्हा साडेआठ होतं. त्या ५८ मधला बराच वाटा त्याचा होता, आणि हे मला कळायला आठ महिने गेले.

आणखी एक. आपल्याकडे गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात आणि नमुना गाडीने दूर जातो. ईएसआर साधारण चार तासांत लावायला हवा, एप्रिलच्या उकाड्यात तर नक्कीच. ल्युपसमध्ये बघतात त्या सी३, सी४ या प्रथिनांच्या तपासण्यांचे नमुनेही थंड ठेवावे लागतात. म्हणून रक्त देताना सरळ विचारा, ‘हे इथेच लावणार की पाठवणार? किती वाजता निघणार?’ विचारण्यात संकोच नको. सीआरपी या दाहाच्याच दुसऱ्या तपासणीला वाटेतला उशीर तेवढा बाधत नाही, म्हणून डॉक्टर दोन्ही एकत्र बघतात.

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात का?

नेहमी नाही. आरए फॅक्टर हेही एक प्रतिपिंडच. म्हातारपणी तो उगाच पॉझिटिव्ह येतो. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग यांतही येतो. उलट, खऱ्या आमवाताच्या पाचातल्या एका रुग्णात तरी तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्याहून नेमकी आहे. पण निदानाची सुरुवात होते ती सुजलेल्या सांध्यावर डॉक्टरांनी बोट दाबून पाहण्यापासून. सांध्यांना हातही न लावता नुसत्या कागदावरून कुणी आमवात ठरवला, तर दुसरं मत घ्या.

एएसओ वाढलाय. इंजेक्शनं सांगितलीत.

इथे माझंच सांगते. मला एका दवाखान्यात दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सहा महिने देत होते, फक्त एएसओ ४०० आला म्हणून. दर वेळी दोन दिवस कंबरेत चमक भरायची. एएसओ एवढंच सांगतो, की मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग झाला होता, बहुधा घशाचा. ही इंजेक्शनं संधिवाती ताप आणि त्यातून झालेल्या हृदयाच्या झडपांच्या आजारासाठी असतात, आणि तिथे ती खरोखर जीव वाचवतात. तुमच्या मुलाला असा आजार ठरलेला असेल तर एकही इंजेक्शन चुकवू नका. पण चाळिशीतल्या बाईची बोटं दुखतात आणि नुसता एएसओ वाढलाय, एवढ्यावर ती सुरू करण्याआधी ‘हृदयाची टूडी इको केली का?’ असं विचारा.

पावसात ताप येऊन गेला, तेव्हापासून सांधे धरलेत ते सुटतच नाहीत. हा ऑटोइम्युन आहे का?

कोकणात हा प्रश्न पहिला विचारायला हवा आणि नेमका तोच राहून जातो. मुंबईच्या डॉक्टरांना आपलं राहणीमान दिसत नाही, ते आपण सांगायला लागतं.

चिकनगुनिया झाला तर ताप चार-सहा दिवसांत उतरतो, पण मनगटं, बोटं, घोटे, टाचा महिनोन्महिने दुखू शकतात. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच धरतात, सकाळी आखडतात. हुबेहूब आमवातासारखं दिसतं. त्या काळात आरए फॅक्टर किंवा एएनए तात्पुरती पॉझिटिव्हही येऊ शकते. इतर बऱ्याच विषाणूंचं सांधेदुखणं सहा आठवड्यांत निवळतं, म्हणून आमवाताचा विचार करताना डॉक्टर सहा आठवड्यांची रेघ धरतात. चिकनगुनिया मात्र ती रेघ ओलांडतो. त्यामुळे ताप कोणत्या तारखेला आला, किती दिवस होता, अंगावर पुरळ होतं का, घरात आणि शेजारी आणखी कुणाला झाला होता का, हे सगळं सांगा. ‘आमच्या वाडीत आठ घरांत ताप होता’ हे एक वाक्य दोन हजारांच्या तपासण्या वाचवू शकतं.

लेप्टो वेगळा. लावणीत उघड्या पायांनी चिखलात उभं राहिल्यावर, उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं ही त्याची लक्षणं. प्लेटलेट खाली जातात, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढतं, लघवीत प्रथिनं दिसतात. कागदावर पाहिलं तर ल्युपसच वाटावा. पण तो दिवसांत बळावतो आणि त्याचे उपचारही दिवसांतच व्हावे लागतात. शेतात उतरला होतात हे डॉक्टरांना विचारायला न लावता आधीच सांगा.

सकाळी हात आखडतात. डॉक्टर विचारतात ‘किती वेळ?’ काय सांगू?

घड्याळ लावून बघा. झिजेचं दुखणं कामाने वाढतं, बसलं की बरं वाटतं, आणि सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो. दाहाचं दुखणं उलट असतं. उठल्यावर अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त बोटं वळत नाहीत आणि हालचाल केली की सैल होतात. मी डॉक्टरांना सांगायचे, ‘सहाला उठते, विळीवर नारळ खवायला बसते ते सव्वासातला जमतं. आधी मूठच वळत नाही.’ त्यांनी तेच शब्द केसपेपरवर उतरवले होते.

मी मासळी विकते. बर्फात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात. हे काय?

हर्णैच्या एका ताईने हे विचारलं होतं. आपल्याकडे थंडी अशी नाहीच, त्यामुळे हे लक्षण लपून राहतं. पण मासळीच्या पेट्यांत रोज बर्फ उपसणाऱ्या बायकांना ते दिसतं. गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात. बोट आधी पांढरं पडतं, मग निळं होतं, ऊब लागली की लाल होऊन चुरचुरतं. याला रेनॉ म्हणतात. पुष्कळ तरुण मुलींना ते नुसतंच असतं, त्यामागे आजार नसतो. पण तिशीनंतर सुरू झालं, बोटाच्या टोकाला फोड किंवा जखम झाली, बोटं सुजून कातडी ताणल्यासारखी झाली किंवा एकाच हाताला होतंय, तर दाखवायलाच हवं. तिथे एएनए तपासणं योग्य आहे. डॉक्टर नखाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्याही भिंगाने बघतात.

रबरी मोज्यांच्या आत लोकरीचे मोजे घाला. आणि मशेरी सोडा. कठीण आहे, मला माहीत आहे, पण तंबाखूने त्याच रक्तवाहिन्या आणखी आवळतात. बोटाचं टोक काळं पडायला लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

चेहऱ्यावर, हातांवर पुरळ आहे. ल्युपसचंच असेल?

कुठे, कधी, कशाने, हे आधी बघू. ल्युपसचं पुरळ उन्हाने उमटतं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर येतं आणि नाकपुडीपासून ओठाकडे येणारी घडी सोडून देतं. एप्रिल-मेमध्ये आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी वाळत घालायला दिवसभर खळ्यात असता, तेव्हा ते वाढतं का, एवढं लक्षात ठेवा.

पण तुम्ही काजू कारखान्यात जात असाल तर पहिला संशय टरफलातल्या तेलाचा घ्या. ते तेल जहाल असतं, कातडीला भाजल्यासारखे फोड आणतं, काळे डाग पाडतं. बिब्बा उततो तो याच कुळातला. वेंगुर्ल्याकडच्या एका मुलीला दोन वर्षं ‘रक्तदोष’ म्हणून औषधं चालू होती. सुट्टीत माहेरी गेली की हात बरे व्हायचे, हे कुणी विचारलंच नव्हतं. फोटो काढून ठेवा. तुम्ही दवाखान्यात पोचता त्या दिवशी पुरळ हटकून गेलेलं असतं.

केस मूठभर गळतात, थकवा जात नाही. थायरॉइड सांगितलं, मग कमी झालं म्हणाले, मग पुन्हा...

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? जास्त मात्रेचं बायोटिन अनेक यंत्रांवरची थायरॉइडची तपासणी बिघडवतं आणि खोटाच आकडा दाखवतं. डॉक्टरांना सांगून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती थांबवा. शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व बघितल्याशिवाय थकव्याचा दोष ऑटोइम्युनला देऊ नका. अँटी-टीपीओ ही थायरॉइडवर चालून जाणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर तोही ऑटोइम्युनच, पण तो थायरॉइडपुरता असतो आणि सांभाळता येतो.

पैसे कमी आहेत. कुठली तपासणी आधी करू?

डॉक्टरांशी बोलून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी, क्रिएटिनिन आणि साधी लघवी. एएनएचं मोठं पॅनेल सगळ्यात शेवटी.

लघवीसाठी तर मी हात जोडते. ल्युपससारख्या आजारात मूत्रपिंड न दुखता बिघडतं. पायांवर सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. त्याची पहिली खबर लघवीतल्या प्रथिनांतून मिळते, आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आहे. पाळीचे दिवस टाळून द्या. लघवीला साबणासारखा फेस येतोय आणि तो बसत नाही, असं दिसलं तर त्याच आठवड्यात जा.

डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही मनाला लावून घेता.’ घरचेही तेच म्हणतात.

मलाही म्हणाले होते. सासूबाईंच्या तोंडचा ‘सोंग’ हा शब्द मी अजून विसरलेले नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. दुपारी शाळेत शिकवणारी सून सकाळी तांब्या उचलू शकत नाही, हे बाहेरून खरंच कळत नाही.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे ज्या वयात घरचं सगळं त्यांच्याच अंगावर असतं. त्यामुळे थकवा कुणी मोजतच नाही. वाद घालू नका, नोंद दाखवा. ‘मला फार दुखतं’ याला उत्तर नसतं. ‘गेल्या ३० दिवसांत ११ दिवस मला स्वतःची वेणी घालता आली नाही’ याला डॉक्टरांना उत्तर द्यावं लागतं. आणि एकदा तरी नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला आत बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

मन खचतं हेही खरं. त्यासाठी औषध किंवा समुपदेशन घेतलं म्हणून सांध्यांची सूज खोटी ठरत नाही.

इम्युनिटी वाढवायला गुळवेलाचा काढा घेते. चालेल ना?

थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे गुळवेल आंब्यावर, निंबावर चढलेली असते, कोविडच्या काळात घरोघरी काढा उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले ज्यांना गुळवेल घेतल्यावर कावीळ झाली, आणि यकृतावरचा तो हल्ला ऑटोइम्युन स्वरूपाचा होता. त्यांतल्या काहींना आधीपासून थायरॉइडसारखा आजार होता. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं होतं, की गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असू शकते. तो वाद तज्ज्ञांचा. माझं म्हणणं साधं आहे. आपली प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आपल्याच माणसांवर काठी उगारून बसली आहे. तिला आणखी जोर देणारं काही स्वतःच्या मनाने घ्यायचं कशाला?

मासे, आंबट, सोलकढी बंद करू का?

युरिक अॅसिडचा गाउट ठरला असेल तर कोळंबी, तारली यांवर मर्यादा येईल. एरवी कुणी सांगितलं म्हणून ताटातला बांगडा काढू नका. आजारी बाईला प्रथिनं लागतात.

देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. करणी निघाली.

गाऱ्हाणं मीही घातलं होतं, रवळनाथासमोर उभी राहून मन मोकळं करून आले. त्याने बळ येतं, यावर माझा विश्वास आहे. पण ‘कुणी केलं’ याचा शोध सुरू झाला, की घरात भिंती उभ्या राहतात आणि महिने वाया जातात. श्रद्धा ठेवा, गोळी चुकवू नका आणि जावेचं नाव घेणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

एका वैद्याच्या पुडीने दोन दिवसांत उतार पडला. तीच चालू ठेवू?

नाव नसलेली पुडी आणि दोन दिवसांत जादू, असं दिसलं की त्यात स्टिरॉइड मिसळलं असण्याची शंका घ्या. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि रिपोर्टही झाकले जातात, मग खरा आजार ओळखता येत नाही. पण आता ऐका, हे फार महत्त्वाचं आहे. महिनोन्महिने घेतलेली पुडी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. कुणी रागावणार नाही.

दाखवायचं कुणाला? कुठे?

या आजारांचे तज्ज्ञ म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे. किनारपट्टीवर रुमॅटॉलॉजिस्ट फार थोडे. आधी जवळच्या एमडी फिजिशियनकडे जा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथून चिठ्ठी घेऊन पुढे. सावंतवाडी-कुडाळची माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. इकडची मुंबईत परळला केईएमला, तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला उतरवतेच. ओपीडीचा वार मात्र आधी कुणा चाकरमान्याला पाठवून विचारून घ्या. वार चुकला तर सगळी खेप फुकट जाते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना होतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान बघा.

फाईल तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली, नवं वर. वर एकच कागद असू दे, त्यावर त्रास कधी सुरू झाला, कोणती औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे आणि घरात कुणाला थायरॉइड, कोड, सोरायसिस, आमवात आहे का, हे सगळं लिहा.

नाव ठरलं नाही तरी गोळी सुरू केली. असं कसं?

होतं असं. मला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही प्रतिकारशक्तीला ताळ्यावर आणणारी गोळी नावाशिवायच सुरू झाली. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. मात्रा वजनावर असते, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. डोळ्याच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी.

मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली असेल तर ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. दिवस राहण्याचा विचार असेल तर खूप आधी डॉक्टरांना सांगा, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे.

दोनदा गर्भ पडला. त्याचा याच्याशी संबंध?

असू शकतो. रक्तात गुठळ्या करू शकणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं तपासायला सांगा. एकदा पॉझिटिव्ह आली तर निदान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. निदान झालं तर उपचार आहेत, आणि त्यानंतर बाळं सुखरूप झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सुनेला बोल लावण्याआधी सासरच्यांनी हे वाचावं.

रात्री-अपरात्री कधी धावायचं?

धाप लागणं, छातीत दुखणं, फिट, एका बाजूची ताकद जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, लघवी कमी किंवा लाल होणं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना थंडी वाजून ताप. १०८ ला फोन करा. पावसात घाट बंद पडतात, म्हणून ही यादी आधीच घरच्यांना वाचून दाखवा.

आणि नाव? नाव कधी मिळणार?

२००३ साली एक अभ्यास आला. अमेरिकेच्या सैन्यात जवानांचं रक्त वर्षानुवर्षं साठवून ठेवतात. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तर ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीपासूनच प्रतिपिंडं होती, सरासरी ३.३ वर्षं आधी, एकाच्या तर नऊ वर्षांहून आधी. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा डॉक्टरांचा राग कमी झाला. काही आजार भातासारखे असतात. रोप वर आल्यावर ते कोणत्या जातीचं आहे हे लोंबी येईपर्यंत जाणत्यालाही ठामपणे सांगता येत नाही.

माझ्या केसपेपरवर आज ‘यूसीटीडी’ लिहिलेलं आहे. म्हणजे ऑटोइम्युन आहे, पण कुठल्याच नावाच्या चौकटीत पुरता बसत नाही. अशा माणसांपैकी बहुतेकांचं वर्षानुवर्षं तसंच राहतं, काहींचं निवळतं. काहींना पक्कं नाव मिळतं, आणि ते बहुधा पहिल्या पाच वर्षांत. म्हणून दर सहा महिन्यांनी मी सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवी करते. नावाची वाट बघत जगणं मी थांबवलं आहे, तपासणी थांबवलेली नाही.

वहीत पहिल्या दिवशी काय लिहू?

शाळेची शंभर पानी वही घ्या. वर आजची तारीख. खाली, उठल्यापासून किती मिनिटांनी मूठ वळली. ताप असेल तर थर्मामीटरचा आकडा. तोंड आलंय का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का, कोणती बोटं सुजली, ती उजव्या हाताची की डाव्या. ऊन, पाऊस, पाळी, जागरण. आणि शेवटी एक ओळ, आज काय करायचं होतं आणि जमलं नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ‘फळ्यावर तारीख घालायची होती, खडू धरता आला नाही, सातवीतल्या मुलीने घातली.’ परळच्या मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी तीच ओळ वाचली.